फोटोत हरवलेली कावीळ

बाळाचा आज सातवा दिवस. आशाताई ठरल्याप्रमाणे घरभेटीला आली आहे. बाळंतिणीची खोली नेहमीसारखीच. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी आणि वर पिवळसर उजेडाचा एकच बल्ब. बाळ कालपासून दूध कमी ओढते आहे, सारखे झोपूनच असते, असे आई सांगते. ‘अंग जरा पिवळं दिसतंय का गं, ताई?’ आजी विचारते. आशाताईला त्या उजेडात नक्की सांगता येत नाही. ती मोबाइल काढते आणि पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा एक फोटो घेते. मग दुपटे बाजूला करून, गडद निळ्या गोधडीवर निजलेल्या बाळाचा दुसरा फोटो घेते. दोन्ही फोटो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे जातात.

डॉक्टर पाहतात, तर पहिल्या फोटोतले बाळ काळवंडलेले, तपकिरी. दुसऱ्या फोटोतले गोरेपान. पिवळेपणा दोन्हींत नीट कळत नाही. बाळ एकच, खोली एकच, दोन फोटोंमध्ये अंतर जेमतेम मिनिटाचे. मग यातले खरे बाळ कोणते?

खरे कोणतेच नाही. आणि यात आशाताईची चूक फार थोडी आहे. मोबाइलचा कॅमेरा जसा बनवला आहे, तसाच तो वागला. तो कसा वागतो हे मात्र आता फक्त छायाचित्रकारांनी जाणून भागणार नाही. भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा आज खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली आहे. शिवाय अंगावर उठलेले पुरळ, मधुमेही आजोबांच्या पायाची जखम, शस्त्रक्रियेचे टाके, जीभ, डोळे असे फोटो रोज घरोघरच्या मोबाइलवरून डॉक्टरांकडे जात असतात. या फोटोंवरून कोणाला आज बोलवायचे आणि कोणाला दोन दिवस थांबायला सांगायचे, हे ठरते. म्हणून फोटोतला उजेड हाही आता आरोग्याचा प्रश्न झाला आहे.

कॅमेऱ्याचा ठोकताळा

फोटो काढताना सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा, याला एक्स्पोजर म्हणतात. पूर्वी ते छायाचित्रकार ठरवत असे, आता मोबाइल स्वतः ठरवतो. पण मोबाइलला समोर काय आहे हे ठाऊक नसते. त्याला फक्त समोरून किती प्रकाश येतो आहे एवढेच मोजता येते. त्यामुळे तो एका जुन्या ठोकताळ्यावर चालतो. जगातली बहुतेक दृश्ये सरासरीने मध्यम करडी असतात, असे तो धरून चालतो. मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा रंग. समोरचे दृश्य सरासरीने तेवढ्याच उजेडाचे दिसेल, इतका प्रकाश तो आत घेतो.

झाडे, रस्ता, माणसे, थोडे आकाश अशा मिश्र दृश्यात हा ठोकताळा छान चालतो. पण पांढरे कापड पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. चौकटीत बहुतेक जागा पांढऱ्या दुपट्याने व्यापली, की कॅमेऱ्याला वाटते, इथे फार उजेड आहे. तो प्रकाश कमी करतो. दुपटे मळकट करडे होते आणि त्यातल्या बाळाची कातडी काळवंडते. गडद गोधडी घेतली की नेमके उलटे घडते. इथे अंधार आहे असे समजून तो भरपूर प्रकाश आत घेतो. गोधडी फिकी पडते आणि बाळ पांढरेफटक होते. आशाताईच्या दोन फोटोंचे कोडे एवढेच आहे.

नवे मोबाइल याहून हुशार आहेत, हे खरे. ते चौकटीचे अनेक भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजतात. चेहरा ओळखून त्याला महत्त्व देतात. पण टाचेवरची जखम म्हणजे चेहरा नव्हे, जीभही नव्हे आणि पाठीवरचे पुरळही नव्हे. डॉक्टरांना ज्या जागा पाहायच्या असतात, त्यांपैकी बहुतेक जागांबाबत कॅमेरा पुन्हा जुन्याच ठोकताळ्यावर येतो.

उजेड वाढवण्याचे तीन मार्ग

कॅमेऱ्यात प्रकाशाचे गणित तीन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे भिंगामागचे छिद्र, म्हणजेच ॲपर्चर. दुसरी, शटर किती वेळ उघडे राहते तो काळ. तिसरी, आयएसओ. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी तिसाव्या भागाइतका वेळ उघडे ठेवले, की प्रकाश दुप्पट येतो. छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट केले तरी प्रकाश दुप्पट येतो. आयएसओचे तसे नाही. त्याने आत येणारा प्रकाश वाढत नाही, आलेल्या प्रकाशाचा संकेत मोठा केला जातो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची, तसेच इथे होते. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर जे रंगीत ठिपके, जी रवाळ पूड दिसते, ती हीच खरखर. बारीक पुरळ आणि ही पूड यांत फरक करणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर ठरलेले असते, ते बदलत नाही. उरतात दोनच मार्ग. शटर जास्त वेळ उघडे ठेवले, तर हात हलतो, बाळ हलते, फोटो पुसट होतो. आयएसओ वाढवला, तर खरखर वाढते. काही मोबाइल रात्री एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडतात आणि खरखर पुसून टाकतात. मात्र ती पुसताना त्वचेचा बारीक पोतही पुसला जातो. थोडक्यात, अंधाऱ्या खोलीतला फोटो फोनने कितीही उजळ केला, तरी जो प्रकाश आत आलाच नाही त्यातली माहिती नंतर आणता येत नाही.

मग एवढा अंधार आपल्याला जाणवत का नाही? कारण आपले डोळे फार समजूतदार आहेत. डोळ्याची बाहुली २ ते ८ मिलिमीटर एवढी लहानमोठी होते, आणि त्याहून मोठे काम दृष्टिपटलावरच्या पेशी करतात. अंधारात २० ते ३० मिनिटे बसले की त्या कितीतरी पटींनी संवेदनशील होतात. प्रकाश मोजण्याचे एकक आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, तर एका बल्बच्या खोलीत अनेकदा शंभरही नसतात. म्हणजे हजारपटीचा फरक. तरी उन्हातून घरात आलेला माणूस डोळे जरा सरावले की सहज वावरतो. ‘खोलीत चांगला उजेड आहे’ असे आपले डोळे सांगतात, ते त्यांच्या सरावामुळे. सेन्सरला असा सराव नसतो.

भांडी भरून वाहिली की

अंधाऱ्या फोटोत काहीतरी चुकले आहे हे निदान कळते तरी. जास्त उजळ फोटो अधिक फसवा असतो, कारण तो ‘छान’ वाटतो.

सेन्सरवर लाखो बारीक खाने असतात. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्या खान्यात साठतो. पावसात अंगणात मांडलेल्या भांड्यांत पाणी साठावे तसे. काही खाने लाल प्रकाश मोजतात, काही हिरवा, काही निळा. या तिन्हींच्या प्रमाणावरून रंग ठरतो. पण भांडे एकदा काठोकाठ भरले की पुढचे पाणी वाहून जाते. नंतर ते भांडे पाहून त्यात किती पाणी पडले, हे सांगता येत नाही.

आता कावीळ झालेल्या बाळाची कातडी घ्या. रक्तातले बिलिरुबिन वाढले की ते त्वचेत उतरते आणि निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे त्वचेकडून निळा प्रकाश कमी परत येतो आणि ती पिवळी दिसते. समजा, योग्य एक्स्पोजरमध्ये लाल भांड्यात ८०, हिरव्यात ६० आणि निळ्यात ३५ माप पाणी आले आणि प्रत्येक भांड्याची क्षमता १०० आहे. निळे भांडे निम्म्याहून बरेच रिकामे आहे. हेच पिवळेपणाचे चिन्ह. आता प्रकाश दुप्पट केला तर? लालमध्ये १६० यायला हवे, पण मावतात १००. हिरव्यात १२० ऐवजी १००. निळ्यात मात्र पुरे ७० येतात. प्रमाण बिघडले, पिवळा रंग फिका पडला. प्रकाश तिप्पट केला की तिन्ही भांडी भरून वाहतात आणि कातडी पांढरी दिसते. कावीळ बाळाच्या अंगात तशीच आहे, फोटोतून मात्र ती धुऊन निघाली.

हीच गत लाल जखमेची होते. लाल भांडे आधी भरते आणि जखमेच्या तळाचे बारकावे, म्हणजे कुठे नवे मांस धरते आहे आणि कुठे पू आहे, ते एका सपाट लाल डागात हरवतात. उलट मधुमेही पायाच्या अंधाऱ्या फोटोत सगळेच काळे दिसते. मग मेलेली काळी कातडी कोणती आणि नुसती सावली कोणती, हे कळत नाही. म्हणून छायाचित्रकारांत एक सर्वसाधारण समज आहे. फोटो थोडा अंधारा निघाला तर काही ना काही परत मिळवता येते, पण पार पांढरा झालेला भाग कायमचा गेला.

कॅमेऱ्याचा आणखी एक ठोकताळा आहे, व्हाइट बॅलन्सचा. दृश्यात फार पिवळेपणा दिसला की तो बल्बचा असेल असे समजून कॅमेरा त्यात निळा मिसळतो. वाढदिवसाच्या फोटोला हे उपकारक असते. पण पिवळेपणा बल्बचा किती आणि बाळाचा किती, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. दुरुस्ती करताना तो दोन्ही पुसू शकतो किंवा दोन्ही ठेवू शकतो. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीलाच शिकवले जाते की, कावीळ दिवसाच्या नैसर्गिक उजेडात पाहावी, बल्बखाली नव्हे. तो धडा जसाच्या तसा कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

सावळ्या त्वचेवर अन्याय

‘योग्य उजेड’ कोणासाठी योग्य, हा प्रश्न छायाचित्रणाच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९५०च्या दशकात फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो द्यायला सुरुवात केली. त्यात एक गोरी तरुणी असे. पहिली तरुणी कोडॅकमधलीच शर्ली पेज. तिच्यावरून या नमुन्यांना ‘शर्ली कार्ड’ हेच नाव पडले. शर्लीची कातडी छान आली की यंत्र बरोबर लागले, असे मानले जाई. परिणाम असा की, एकाच फोटोत गोरी आणि काळी माणसे असली की काळ्या माणसांच्या चेहऱ्यावरचे बारकावे अंधारात जात. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे एकत्र कार्ड यायला १९९०चे दशक उजाडावे लागले.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरचा आहे. त्वचारोगाची बरीच जुनी पुस्तके गोऱ्या कातडीवरच्या चित्रांनी भरलेली आहेत. तिथे सूज आणि जंतुसंसर्ग लालभडक दिसतो. सावळ्या कातडीवर तोच संसर्ग जांभळट, तपकिरी किंवा नुसता आसपासच्या कातडीपेक्षा गडद दिसतो. ही उणीव ध्यानात घेऊन लंडनमधल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मालोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने शिक्षकांच्या सोबतीने २०२० मध्ये ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली. काळ्या आणि सावळ्या त्वचेवर आजारांची लक्षणे कशी दिसतात, हे त्यात दाखवले आहे.

सावळ्या त्वचेवरचा फरक मुळात हलका असतो. फोटो अंधारा आला तर तो सावलीत बुडतो, जास्त उजळ आला तर फिका पडतो. म्हणजे सावळ्या माणसाच्या फोटोत चुकीला जागा कमी असते. त्यातच अनेक मोबाइलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय आपोआप चालू असते. ती कातडी उजळ करते, डाग पुसते, पोत गुळगुळीत करते. लग्नाच्या फोटोला ते चालेल. पण पुरळ दाखवण्यासाठी काढलेल्या फोटोतून पुरळच पुसले गेले, तर डॉक्टरांनी काय पाहायचे?

खिडकीजवळची दोन मिनिटे

यावरचा उपाय महागडा कॅमेरा नाही. साध्या मोबाइलवरही उपयोगी फोटो निघतो, फक्त काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट जागा. दिवसा, उघड्या खिडकीजवळ किंवा ओसरीवर, पण थेट उन्हात नाही. थेट उन्हात एक बाजू भगभगीत आणि दुसरी काळी होते. खिडकी पेशंटच्या पाठीमागे नसावी, ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे किंवा बाजूला असावी. घरातला बल्ब त्या वेळी बंद करावा, म्हणजे दोन प्रकारच्या उजेडांची सरमिसळ होत नाही. फोटो काढणाऱ्याची सावली जखमेवर पडत नाही ना, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमी. पांढरी चादर नको आणि काळी घोंगडीही नको. साधे, न चमकणारे, मध्यम रंगाचे कापड घ्यावे. करडे, फिकट निळे किंवा हिरवे चालेल. फुलाफुलांचे नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सोपी. स्क्रीनवर ज्या जागेचा फोटो हवा, नेमक्या तिथेच बोट टेकवावे. ‘याच जागेचा उजेड मोज’ असे आपण कॅमेऱ्याला सांगत असतो. बहुतेक मोबाइलवर त्या वेळी सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते वरखाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. कातडीचा पोत, रेषा, बारीक लव दिसत असतील तर उजेड बेताचा आहे. एखादा भाग सपाट पांढरा झाला असेल, तर चिन्ह खाली सरकवावे. शंका असेल तर तीन फोटो काढावेत, एक जरा गडद, एक मधला, एक जरा उजळ. डिजिटल फोटोला रीळ लागत नाही, त्यामुळे जादा फोटो फुकटच असतात.

चौथी गोष्ट फ्लॅश. जवळून मारलेला फ्लॅश ओल्या जखमेवर, जिभेवर, तेलकट कातडीवर चकाकतो आणि मधला भाग पांढरा करतो. शक्यतो तो बंदच ठेवावा. दुसरा काहीच उजेड नसेल, तर थोडे मागे सरकून फोटो काढावा. फ्लॅशचा एक अनपेक्षित उपयोग मात्र पालकांनी ध्यानात ठेवावा. फ्लॅशच्या फोटोत मुलांची बुब्बुळे लाल चमकतात, ते बिघाडाचे लक्षण नाही. पण एकाच डोळ्याची बाहुली वारंवार पांढरी चमकत असेल, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कधी त्यात काळजीचे काही नसते. मात्र मोतीबिंदू किंवा लहान मुलांना होणारा डोळ्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, याची ती पहिली खूण असू शकते.

पाचवी गोष्ट तुलना. दुखऱ्या जागेशेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा, पण चौकटीच्या कडेला, छोटा तुकडाच. फोटोत तो कागद पिवळट दिसला, तर पिवळेपणा बल्बचा आहे हे डॉक्टरांना कळते. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवले तर आकारही कळतो. एक फोटो लांबून, म्हणजे जागा शरीरावर नेमकी कुठे आहे ते दिसेल असा, आणि एक जवळून. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूच्या निरोगी पायाचा किंवा हाताचाही एक फोटो काढावा.

शेवटची गोष्ट पाठवण्याची. सौंदर्य वाढवणाऱ्या सोयी आधीच बंद कराव्यात. संदेश पाठवण्याची ॲप फोटो दाबून लहान करतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ स्वरूपात जातो. आणि फोटो पेशंटच्या संमतीनेच काढावा. चेहरा गरजेचा नसेल तर चौकटीबाहेर ठेवावा. कौटुंबिक गटात टाकण्याची ती वस्तू नाही.

फोटो पाहणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून अनेकांच्या मोबाइलवर रात्री पिवळसर छटा आपोआप चालू होते, आणि बॅटरी वाचवायला स्क्रीनचा उजेड कमी केलेला असतो. अशा स्क्रीनवर कावीळ किंवा फिकटपणा पाहणे म्हणजे पिवळा चष्मा लावून पाहणेच. डॉक्टरांनी छटा बंद करावी, उजेड वाढवावा, आणि फोटो नीट नसेल तर दुसरा मागावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

एका परिचारिकेची नजर

तुलना एवढी महत्त्वाची का, याचा एक सुंदर दाखला नवजात बाळांच्या काविळीच्याच इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल होते. १९५६ मध्ये तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाचे काम सिस्टर वॉर्ड पाहत. कोंदट इन्क्युबेटरपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून छान ऊन पडले की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. त्याचे अंग फिकट झाले होते, फक्त एक ठसठशीत त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. तेवढ्या भागावर चादरीचा कोपरा आला होता. उन्हाने बाकीच्या अंगाची कावीळ उतरवली होती. पुढे, खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातले बिलिरुबिनही कमी भरल्याचे आढळले. त्यातून उभे राहिलेले संशोधन १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभर बाळांच्या काविळीवर जी निळ्या प्रकाशाची उपचारपद्धती वापरतात, तिची सुरुवात इथे झाली.

सिस्टर वॉर्ड यांना तो त्रिकोण दिसला, कारण पिवळी आणि फिकट कातडी एकाच प्रकाशात शेजारी शेजारी होती. नुसते पिवळे अंग एकटे पाहिले असते, तर ‘थोडे पिवळे असेल’ एवढ्यावरच राहिले असते. कागदाचा पांढरा तुकडा फोटोत हेच काम करतो.

या गोष्टीवरून कोणी बाळाला उन्हात ठेवून घरीच उपचार करू नयेत. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, बाळ तापते किंवा गारठते, आणि मौल्यवान वेळ जातो. वेळेवर जन्मलेल्या दर १० बाळांपैकी सुमारे ६ आणि अपुऱ्या दिवसांच्या १० पैकी सुमारे ८ बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. बहुतेकांची ती आपोआप उतरते. पण काहींचे बिलिरुबिन फार वाढते, मेंदूत शिरते आणि कायमची इजा करते. पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणे, सुस्ती, पांढरट शी, यांपैकी काहीही दिसले तर फोटोची वाट पाहू नये. बाळाला थेट दवाखान्यात न्यावे. बिलिरुबिनचा आकडा तज्ज्ञांच्या डोळ्यांनाही नेमका सांगता येत नाही, मग फोटोला कुठून सांगता येणार? त्यासाठी तपासणीच लागते. निळ्या प्रकाशाचे उपचार चालू झालेल्या बाळाच्या कातडीवर तर मुळीच विसंबू नये, कारण कातडी आधी फिकट होते, रक्तातली कावीळ मागे राहते.

चांगल्या फोटोचे काम मर्यादित आहे. ‘काही नाही’ असे छातीठोक सांगणे हे ते काम नव्हे. कोणाला लवकर बोलवायला हवे, एवढेच त्याने दाखवायचे असते. पण तेवढे जरी त्याने नीट दाखवले तरी पुष्कळ झाले.

सातव्या दिवसाच्या त्या बाळाकडे पुन्हा येऊ. दूध कमी ओढते आणि झोपूनच असते, हे ऐकताच डॉक्टर गाडीची व्यवस्था करायला सांगतात. ती येईपर्यंत आशाताईकडे आणखी एक फोटो मागतात. ‘ताई, खिडकी उघडा. बल्ब बंद करा. बाळाच्या छातीशेजारी कोरा कागद ठेवा आणि स्क्रीनवर छातीवरच बोट टेकवा.’ आजीला खिडकी उघडलेली आवडत नाही, पण ती काही बोलत नाही. तिसरा फोटो जातो. त्यात कागद पांढरा आहे आणि त्याच्या शेजारची बाळाची छाती हळदीसारखी पिवळी. तो पाहून डॉक्टर पुढच्या रुग्णालयाला फोन करतात, बाळ येते आहे, रक्त तपासायची आणि निळ्या दिव्याची तयारी ठेवा. तेवढ्यात १०२ क्रमांकाची गाडी दारात येते.